झेब्रा डॅनिओची अंडी दिसतात, पिल्लं मात्र हाती लागत नाहीत: बिघाड नेमका कोणत्या दिवशी होतो?

झेब्रा डॅनिओ घरच्या टँकमध्ये सहज अंडी घालतो, असं दुकानदार सांगतो आणि पुस्तकंही सांगतात. ते खरंच आहे. चांगलं खाऊ घातलेली मादी दोन-तीन दिवसांआड अंडी घालू शकते आणि एका खेपेला शंभर-दोनशे अंडी सहज देते. तरीही हा मासा पाळणाऱ्यांच्या दोन तक्रारी कायम ऐकू येतात. पहिली अशी, की मादीचं पोट फुगतं, सकाळी जोरात पाठलाग चालतो, दुपारी पोट सपाट दिसतं, पण टँकमध्ये एकही अंडं सापडत नाही. दुसरी अशी, की पिल्लं निघाली, काचेवर दिसली, आणि आठवड्या-दीड आठवड्यात एकेक करत सगळी संपली.

दोघांनाही बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो: हीटर लावा, मिथिलीन ब्लूचे थेंब टाका. पण हे दोन अगदी वेगळे बिघाड आहेत. पहिल्यात अंडी माशांनीच खाल्लेली असतात, दुसऱ्यात पिल्लं उपाशी मेलेली असतात, आणि औषधाने यातलं काहीच सुधारत नाही. म्हणून उपाय शोधण्याआधी वहीत एक नोंद करा. अंडी घातली तो दिवस शून्य धरा, आणि नुकसान शून्यापासून कितव्या दिवशी दिसलं ते लिहा. त्या आकड्यावरून कारण जवळपास ठरतं.

हा मासा मुळात राहतो कुठे

आपल्याकडे काचेच्या टाकीतच पाहिल्यामुळे झेब्रा परदेशी आहे असं अनेकांना वाटतं. तो आपल्याच उपखंडातला आहे. बंगालमध्ये नोकरी केलेले स्कॉटिश डॉक्टर फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरच्या ग्रंथात त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. गंगा आणि ब्रह्मपुत्रेची खोरी, नेपाळची तराई, बांगलादेश हा त्याचा मुख्य मुलूख. दिल्लीच्या आयजीआयबी या संस्थेने २००९ साली ज्या रानटी झेब्राचा जनुकसंच वाचला, तोही आसाममधून आणलेला होता.

मोठ्या नदीच्या वाहत्या धारेत हा मासा फारसा राहत नाही. तीन-चार सेंटीमीटरचा जीव तो, तिथे टिकणार कसा? त्याची जागा म्हणजे ओढ्याचा संथ कडेचा भाग, नदीशेजारची डबकी, पाटाचं पाणी आणि भातखाचरं. पाणी उथळ, तळ दिसेल इतकं नितळ, काठाला गवत झुकलेलं. पावसाळ्यात नदी काठ सोडते, शेतं पाण्याखाली जातात, आणि झेब्रा त्या नव्या, उथळ, उबदार पाण्यात शिरून अंडी घालतो. कोकणात पहिल्या पावसात वलगणीचे मासे चढून खाचरात येतात, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना यात नवल वाटणार नाही. मासे वेगळे, पण हिशेब तोच. नव्या पाण्यात मोठे शिकारी मासे कमी असतात आणि पिल्लांना खाणं भरपूर असतं.

रोवेना स्पेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशात जाऊन या माशाचा अभ्यास केला. तो २००६ पासून प्रसिद्ध होत गेला. त्यातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे: गाळापेक्षा बारीक खडीवर अंडी घालणं मादी पसंत करते, आणि खडीत पडलेली अंडी जगण्याचं प्रमाणही जास्त असतं. झेब्राची अंडी चिकट नसतात. पानाला किंवा काचेला ती धरून राहत नाहीत, सुटी सुटी खाली पडतात. खडीच्या फटीत गेली तर वाचली, उघड्या तळावर राहिली तर गेली. आई-बाप त्यांची काहीच राखण करत नाहीत. उलट अंडी सर्वांत आधी तेच खातात. ओढ्यात अंडी घालून कळप पुढे निघून जातो. काचेच्या टाकीत मात्र त्यालाच तिथे राहावं लागतं, आणि समोर पडलेलं अंडं त्याच्या लेखी खाणंच असतं.

शून्यावा दिवस: अंडी दिसलीच नाहीत

झेब्रा पहाटे अंडी घालतो. उजेड झाल्यापासूनच्या पहिल्या तास-दोन तासांत बहुतेक काम आटोपतं. तुम्ही चहा घेऊन टँकसमोर बसेपर्यंत अंडी घालून झालेली असतात आणि खाऊनही झालेली असतात. त्यामुळे ‘आमचे मासे अंडीच घालत नाहीत’ हा निष्कर्ष बहुधा चुकीचा ठरतो.

उपाय साधा आहे. मोठ्या टँकमध्ये पिल्लं वाचवायच्या फंदात पडू नका. सात-आठ लिटरचं वेगळं भांडं घ्या, काचेचं किंवा पारदर्शक प्लास्टिकचं. तळाला खेळायच्या काचेच्या गोट्यांचे दोन थर द्या. अंडी फटीतून खाली जातात, माशांचं तोंड तिथवर पोचत नाही. गोट्या नको असतील तर तळापासून दोन बोटं वर प्लास्टिकची जाळी बसवा. जाळीची छिद्रं २-३ मिलिमीटरची हवीत. मच्छरदाणीचा तुकडा वापरायचा मोह होतो, पण पाण्यात पडल्यावर अंड्याचं कवच फुगून मिलिमीटरहून थोडं मोठं होतं. मच्छरदाणीवर ते अडकतं आणि माशांना आयतं मिळतं. जगभरच्या प्रयोगशाळा हाच जाळीच्या तळाचा डबा वापरतात. अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी या माशाला जीवशास्त्राच्या संशोधनात आणलं, त्यांचा गाजलेला शोधनिबंध १९८१ चा. आज पुण्या-मुंबईच्या संशोधन संस्थांमध्येही झेब्राच्या टाक्यांच्या रांगा आहेत. तिथे रोज अंडी लागतात आणि ती अशीच मिळवतात.

पाणी १०-१२ सेंटीमीटरपेक्षा जास्त भरू नका. शक्य असेल तर भांडं एका बाजूने थोडं उचलून तिरपं ठेवा, म्हणजे एक कड अगदी उथळ होईल. मासे अंडी घालायला त्या उथळ कडेला येतात, हे प्रयोगांतही दिसलेलं आहे. खाचराची कड आठवा, कारण लगेच कळेल.

संध्याकाळी दोन माद्या आणि दोन नर या भांड्यात सोडा. नर सडपातळ असतो आणि त्याच्या पोटाकडच्या पट्ट्यांवर सोनेरी झाक असते. मादीचं पोट गोल आणि रुपेरी दिसतं. रात्रभर दोघं एकाच पाण्यात असणं गरजेचं आहे, कारण नराकडून पाण्यात सुटणाऱ्या द्रव्यांमुळे मादीची गाभोळी पक्व होऊन सुटायला मदत होते. सकाळी एक मादी आणि एक नर आणून टाकले, तर त्या दिवशी काही घडण्याची आशा कमी. पाठलाग तुम्हाला डोळ्यांनी बघायचा असेल तर रात्री मध्ये पारदर्शक पडदा ठेवा आणि सकाळी उजेड झाल्यावर काढा. रात्री पूर्ण अंधार हवा. टीव्हीच्या खोलीत मध्यरात्रीपर्यंत दिवा चालू असेल तर सगळं वेळापत्रक बिघडतं. १४ तास उजेड आणि १० तास अंधार हे प्रमाण या माशाला मानवतं.

दुपारपर्यंत मोठे मासे काढून घ्या. संध्याकाळपर्यंत थांबलात तर जाळीखालची अंडी वाचतील, पण पाणी विष्ठेने खराब होईल.

अंडी खरोखरच नसतील तर आधी खाणं तपासा. फक्त कोरड्या फ्लेक्सवर ठेवलेली मादी मोजकीच अंडी देते. आठवडाभर रोज थोडं जिवंत किंवा गोठवलेलं खाणं, म्हणजे डासांच्या अळ्या, आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव) किंवा ब्लडवर्म द्या आणि मग पुन्हा जोडी लावा. फार दिवस नराशिवाय ठेवलेल्या मादीची अंडी आत अडकून बसू शकतात, त्यामुळे माद्या कायमच्या वेगळ्या ठेवू नका.

पहिला दिवस: अंडी पांढरी पडली

चांगलं अंडं काचेच्या मण्यासारखं पारदर्शक असतं. मेलेलं अंडं पांढरं, अपारदर्शक होतं आणि दुसऱ्या दिवशी त्यावर कापसासारखी बुरशी येते. शंभरातली काही अंडी पांढरी होणं अगदी स्वाभाविक आहे. ती ड्रॉपरने रोज उचलून टाका, नाहीतर बुरशीचे धागे शेजारच्या जिवंत अंड्यांनाही वेढतात. मिथिलीन ब्लूचा उपयोग खरा इथेच, बुरशी रोखायला. पाण्याला फिकट आकाशी रंग येईल इतकंच टाका. गडद निळ्या पाण्यात अंडी ठेवायची गरज नसते.

सगळीच अंडी पांढरी पडली असतील, तर दोन शक्यता पाहाव्या लागतात. एक म्हणजे ती फळलीच नव्हती. ज्याला तुम्ही नर समजत होता ती बारीक मादीही असू शकते. दुसरी शक्यता पाण्याची, आणि आपल्या शहरांत ती जास्त आढळते.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. पावसाळ्यात पाणी गढूळ आलं की पाणीपुरवठ्यात त्याची मात्रा वाढवतात, सोसायटीच्या टाकीतही टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर पडते. मोठे मासे ते कसंबसं सोसतात, अंडी आणि पिल्लं सोसत नाहीत. पाणी उघड्या बादलीत एअर स्टोन लावून किमान २४ तास ठेवा किंवा दुकानात मिळणारे अँटी-क्लोरीनचे थेंब वापरा. वासावर विसंबू नका.

याच्या उलट चूकही होते. क्लोरीन नको म्हणून लोक स्वयंपाकघरातल्या आरओ मशीनचं पाणी वापरतात. ते पिल्लांसाठी फार कोरं असतं, त्यात कॅल्शियमसारखे क्षार जवळपास उरत नाहीत. अंड्यातल्या गर्भाला ते बाहेरच्या पाण्यातून लागतात. प्रयोगशाळाही आरओचं पाणी वापरतात, पण त्यात पुन्हा क्षार मिसळून. घरी आरओचं पाणी वापरायचंच असेल तर क्लोरीन काढलेल्या नळाच्या पाण्यात अर्धंअर्धं मिसळा. बोअरचं मध्यम जड पाणी झेब्राला उत्तम चालतं. दहा लिटरला अर्धा ग्रॅमच्या आसपास बिनआयोडीनचं जाडं मीठ टाकलं तरी गर्भाला फायदा होतो.

तापमानाचाही हिशेब इथेच करावा लागतो. या माशाच्या वाढीची सगळी कोष्टकं २८.५ अंश सेल्सिअसला धरून मांडलेली आहेत. साधारण २५ ते ३३ अंशांत गर्भ नीट वाढतो. पण २५ अंशांना वाढ मंदावते: जे २४ तासांत व्हायचं त्याला जवळपास ३० तास लागतात. नाशिक-पुण्याच्या डिसेंबरात खिडकीजवळचं छोटं भांडं पहाटे १८-१९ अंशांपर्यंत उतरतं. मोठा झेब्रा हे सहज सोसतो, कारण उत्तरेकडच्या हिवाळ्याची त्याला सवय आहे. अंडी मात्र पावसाळ्यातल्या उबदार पाण्यासाठी घडलेली आहेत. म्हणून हिवाळ्यात मोठ्या टँकला हीटर नसला तरी चालेल, पण अंड्यांच्या भांड्याला उब हवीच. ते भांडं हीटर असलेल्या मोठ्या टँकमध्ये तरंगत ठेवणं सगळ्यांत सोपं.

२४ तासांनी मोबाइलच्या मॅक्रो कॅमेऱ्यातून एक अंडं जरूर पाहा. वळलेली शेपटी मध्येच झटका देते, डोळ्यांचे गोल दिसतात, हृदय नुकतंच धडधडू लागलेलं असतं. एका दिवसात एका पेशीपासून इथवरचा प्रवास! अंडं पारदर्शक असल्यामुळे हे सगळं बाहेरून दिसतं, आणि याच कारणासाठी शास्त्रज्ञांनी हा मासा निवडला.

तिसरा ते पाचवा दिवस: पिल्लं मेल्यासारखी पडून आहेत

२८ अंशांच्या आसपास दोन ते तीन दिवसांत पिल्लं बाहेर येतात. सुमारे तीन मिलिमीटरची काडी, वर दोन काळे ठिपके. ती तळाशी आडवी पडतात किंवा डोक्याने काचेला चिकटून उभी राहतात. ती मेलेली नाहीत. डोक्यावरच्या चिकट ग्रंथींनी ती स्वतःला अडकवून ठेवतात, आणि पोटाखालचा बलक हेच त्यांचं अन्न असतं. ती पोहू लागण्याआधी खाणं टाकाल तर फक्त पाणी कुजेल.

चौथ्या-पाचव्या दिवशी प्रत्येक पिल्लाला एक काम करावं लागतं. वर येऊन हवेचा घोट घ्यायचा आणि पोटातली हवेची पिशवी फुगवायची. ती फुगली की पिल्लू आडवं, सरळ पोहू लागतं. नाही फुगली तर तळाशी धडपडत राहतं आणि उपाशी मरतं. सहाव्या दिवशीही बरीचशी पिल्लं तळातच असतील तर पाण्याचा पृष्ठभाग तिरक्या उजेडात बघा. तेलकट साय दिसेल. टिश्यू पेपर अलगद पसरून उचलला की ती निघते. पाणी फार खोल असेल तरीही अशक्त पिल्लांना वर पोचता येत नाही, ५-७ सेंटीमीटर पुरे. फिल्टरचा जोर या दिवसांत बंदच ठेवा.

सहावा ते चौदावा दिवस: इथेच सगळी जातात

घरच्या पैदाशीतली बहुतेक पिल्लं या आठवड्यात जातात, आणि कारण बहुतेक वेळा भूक असतं. सातव्या दिवसापर्यंत बलक संपतो. पिल्लाचं तोंड इतकं बारीक असतं की चुरडलेला फ्लेक त्याच्यासाठी धोंड्याएवढा. शिवाय ते नजरेने शिकार करतं. समोर काहीतरी हललं तर त्यावर झेप घेतं, निपचित पडलेल्या कणाकडे सहसा लक्षही देत नाही. उकडलेल्या अंड्याचा बलक कापडातून गाळून टाकायचा सल्ला सर्रास मिळतो. काहींना त्यावर थोडी पिल्लं वाचवता येतात, पण माझं मत त्याच्या विरुद्ध आहे. एक थेंब जास्त झाला की संध्याकाळपर्यंत पाणी दुधाळ होतं, आणि उरलेली पिल्लं भुकेने नाही तर घाणीने जातात.

लागतात ते जिवंत सूक्ष्मजीव, मुख्यतः पॅरामिशियम. भातखाचरात त्यांची सोय आपोआप होते: कुजता पेंढा, त्यावर जिवाणू, जिवाणूंवर पॅरामिशियम, आणि त्यावर पिल्लं. हीच साखळी बाटलीत उभी करायची. क्लोरीन नसलेलं पाणी दोन बाटल्यांत घ्या, प्रत्येकीत आठ-दहा उकळलेले गव्हाचे दाणे आणि किंचित यीस्ट टाका, किंवा भाताच्या पेंढ्याच्या चार काड्या उकळून टाका. मग जुन्या टँकमधल्या जावा मॉस या शेवाळासारख्या वनस्पतीचं पिळलेलं पाणी किंवा ओळखीच्या प्रयोगशाळेतलं, कॉलेजातलं विरजण त्यात घाला. तोंडाला कापड बांधा, उन्हापासून दूर ठेवा. पहिले दोन-तीन दिवस पाणी गढूळ होऊन वास मारेल, ते जिवाणू. नंतर पाणी निवळतं आणि उजेडासमोर बाटली धरली की पांढरे कण स्वतःहून इकडेतिकडे सरकताना दिसतात. तेव्हाच ते खाणं तयार झालं. याला आठवडाभर लागतो. म्हणजे बाटली जोडी लावायच्या आधी तयार हवी. पिल्लं पोहू लागल्यावर तयारीला लागणारे इथेच हरतात.

तळ्याचं किंवा शेतातलं पाणी थेट ओतू नका. त्यातून हायड्रा आणि चतुराच्या अळ्या येतात, आणि त्या पिल्लं खातात.

पाचव्या दिवसापासून दिवसाला दोन-तीनदा हे पाणी ड्रॉपरने द्या. पुरेसं दिलंय का, हे पिल्लूच सांगतं. शरीर पारदर्शक असल्यामुळे भरलेलं पोट भिंगातून स्पष्ट दिसतं. सकाळी खाणं दिल्यावर तासाभराने दहा पिल्लं पाहा. पोटं रिकामी असतील तर कण कमी आहेत किंवा उजेड कमी आहे. अंधारात त्यांना शिकार दिसत नाही, म्हणून दिवसभर उजेड हवा.

नवव्या-दहाव्या दिवसापासून ताज्या निघालेल्या आर्टेमियाची पिल्लं देता येतात. आर्टेमियाची अंडी मिठाच्या पाण्यात २४ ते ३६ तासांत फुटतात. देण्याआधी गोड्या पाण्याने धुवा. खाल्ल्यावर पोट नारिंगी दिसतं. सगळी पिल्लं एका दिवशी त्या आकारापर्यंत पोचत नाहीत, त्यामुळे पॅरामिशियम लगेच बंद करू नका. चार-पाच दिवस दोन्ही द्या. ‘आर्टेमिया सुरू केल्यावर मेली’ अशा तक्रारीत मेलेली असतात ती मागे राहिलेली लहान पिल्लं.

रोज पाचवा हिस्सा पाणी बदला. एअर पंपाच्या नळीच्या टोकाला मलमलीचा तुकडा बांधून पाणी ओढलं की पिल्लं नळीत जात नाहीत. नवं पाणी त्याच तापमानाचं हवं.

तीन आठवड्यांनंतर

इथवर आलेली पिल्लं सहसा जातात ती गर्दीने. या सुमारास पर वेगळे दिसू लागतात, अंगावर पट्टे उमटायला लागतात आणि भूक एकदम वाढते. सात लिटरमध्ये ऐंशी पिल्लं ठेवली तर पाच-दहा मोठी होतात, बाकीची खुरटतात. आता स्पंज फिल्टर चालतो, तो लावा, आणि आकारानुसार दोन भांडी करा. गर्दी, कमी प्राणवायू किंवा सततचं जास्त तापमान असेल तर मोठेपणी नरांचं प्रमाण वाढतं. वाढवलेला सगळा लॉट नरच निघाला, यामागे बऱ्याचदा हेच असतं.

जास्तीची पिल्लं मित्रांना द्या, दुकानात द्या, पण ओढ्या-तळ्यात सोडू नका. दुकानातले झेब्रा पिढ्यान्‌पिढ्या फार्मवर वाढलेले असतात, त्यांच्यासोबत रोगही जातात. चमकत्या रंगांचे झेब्रा तर जनुकात बदल केलेले असतात. ब्राझीलमध्ये फार्ममधून निसटलेले असे मासे जंगलातल्या ओढ्यांत अंडी घालू लागल्याचं २०२२ साली नोंदवलं गेलं.

मोठ्या टँकमध्ये पिल्लं कधी न्यायची, याचं उत्तर वयात शोधू नका. दीड सेंटीमीटरच्या पुढे गेलेलं, पट्टे पूर्ण उमटलेलं पिल्लू मोठ्यांच्या तोंडात मावत नाही. ते न्या. एकटं नका नेऊ, सहा-आठ एकदम न्या, आणि टँकच्या एका कोपऱ्यात वेलीसारखी तरंगती वनस्पती ठेवा. लहान राहिलेली आणखी दोन आठवडे वेगळी वाढवा. तीन महिन्यांच्या सुमारास हीच पिल्लं स्वतः पहाटे पाठलाग सुरू करतील. तोवर गव्हाच्या दाण्यांची एक बाटली चालू ठेवा.